भुंग्याचा जमाखर्च
(गतवर्षीच्या उत्सवातील भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



आरती झाली आहे, प्रसाद वाट पाहतोय, त्यामुळे थोडक्यात आटोपतो.

सिमल्याला बदलून आलो, त्या पहिल्या एप्रिलमधली गोष्ट. सफरचंदाच्या फुलावर एक केसाळ भुंगा निपचित पडला होता. (गावाकडे वासे पोखरणारा काळा भुंगा, तो हा नव्हे. हा बंबलबी, थंड हवेतला.) मेला समजून मी झटकणार, तोच शेजारच्या चाचाजींनी चमचाभर साखरपाणी त्याच्यापुढे धरलं. सोंड बाहेर आली. मग पोट धपापू लागलं, पंख मात्र स्थिर. काही मिनिटांत स्वारी उडाली!

उलगडा पुढे बर्न्ड हाइनरिक यांच्या 1979 सालच्या ‘बंबलबी इकॉनॉमिक्स’ या पुस्तकात झाला. उडण्यासाठी या भुंग्याच्या छातीतले स्नायू सुमारे 30 अंशांपर्यंत तापावे लागतात. बाहेर आठ-दहा अंश असले, तर पंख न हलवता नुसते स्नायू थरथरवून तो ऊब आणतो. इंधन एकच, साखर. म्हणजे मध मिळवण्याआधीच खर्च सुरू! आपल्या बदलीच्या प्रवासभत्त्यासारखं. आधी खिशातून, मग बिल.

म्हणून तो फुलं पारखतो. फुलात भरपूर मध असेल, तर थंडीतही अंग तापतं ठेवून भराभर उडतो. मध थोडा, पण फुलं दाटीवाटीची असतील, तर उडायचं सोडून चक्क चालतो आणि अंग निवू देतो. नुकत्याच कोणी भेट दिलेल्या फुलावर पावलांचा वास राहतो. तो हुंगून पुढे जातो. रिकाम्या दुकानाची पायरी कशाला चढायची?

खरी कसरत वसंतातल्या राणीची. हिवाळा ती एकटीच जमिनीत काढते आणि घरटंही एकटीच मांडते. पोटाच्या उबेनं अंडी-अळ्या शेकायच्या, तर मध संपतो. मधासाठी बाहेर पडावं, तर पिल्लं गारठतात. कामकरी माश्या जन्मेपर्यंत मदतीला कोणी नाही. त्यात पाऊस दोन-तीन दिवस लागून राहिला, की सगळा डाव मोडू शकतो.

चाचाजींच्या बागेत पडलेली ती बहुधा अशीच राणी असावी. फुलोऱ्यात ते औषध फवारत नाहीत, आणि एप्रिलभर त्यांच्या खिडकीत तो चमचा असतो.