मुंबईचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि गावची शाळा



पत्रिकेवर विषय छापलाय ‘मुंबईचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा’. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी काढली, चिरंजीव झुबिन यांनी वाद्यवृंदाचे संचालक म्हणून जग गाजवलं, २००६ साली नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभा राहिला. हे सगळं आपल्याला ठाऊकच आहे, तेव्हा त्यात वेळ घालवत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ऑर्केस्ट्रा सभागृहात घडत नाही. तो गावच्या शाळेत घडतो.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चला जोडून शाळा असत. बाराखडीच्या वयात तिथं पोरं स्वरलिपी वाचायची, व्हायोलिन हातात घ्यायची. रविवारच्या प्रार्थनेला वादक हवेत, एवढाच हिशेब. पण हीच पोरं मोठी होऊन मुंबईला आली आणि त्या शिदोरीवर इथल्या फिल्म स्टुडिओंनी काही दशकं गुजराण केली. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा; सेबॅस्टियन डिसोझांसारखा अरेंजर प्रत्येक वाद्याचा भाग कागदावर उतरवायचा आणि समोरची मंडळी तो बघून वाजवायची.

मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. (मागून कुणीतरी गुणगुणतं. हशा.) होय, तेच! ‘अमर अकबर अँथनी’त ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ म्हणत अंड्यातून बाहेर पडतो तो अमिताभ, त्या गाण्यातलं नाव मात्र संगीतकार प्यारेलाल यांच्या व्हायोलिनच्या गुरूंचं. अँथनींचे वडील चर्चमध्ये गायकवृंदाचे मास्तर. मुलगा स्टुडिओत गाजला, पण डोक्यात एकच वेड: आपले राग सिम्फनीसाठी लिहायचे. सारंगावर व्हायोलिनचा कन्चेर्टो लिहिला. १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात मोठा वाद्यवृंद बसवला आणि गायला कोण? लता मंगेशकर आणि मन्ना डे! दिवसभर स्टुडिओत हिरो-हिरॉइनच्या गाण्यांमागे वाजवणारी माणसं त्या दिवशी पुढे बसली. प्रयोग टिकला नाही. अँथनीबाब पुढे अमेरिकेला गेले, परतले ते मजोर्ड्यालाच...

चिठ्ठी आलीय. ‘घरात भीमसेन जोशींचं गाणं असताना हे साहेबाचं संगीत कशाला?’ (टाळ्या) वाजवा, वाजवा. पण ज्या पेटीवाचून आपलं नाट्यगीत उभं राहत नाही ती कुठून आली, तेही विचारा: साहेबाकडूनच! आणि २०१५ साली झाकीर हुसेन यांनी तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी ‘पेशकार’ लिहिलं, ते याच एनसीपीएच्या वाद्यवृंदानं प्रथम वाजवलं. त्यात परकं कोण होतं?

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. म्हणजे मूळ विषयाला पाचच मिनिटं उरली! (हशा) तर एनसीपीएचे खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी तिथला हा ऑर्केस्ट्रा काढला. २०१९ साली तो ब्रिटनचा दौरा करून आला. वर्षात दोन हंगाम होतात, तेव्हा वादक मोठ्या संख्येनं परदेशांतून येतात. त्यावर नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. चालकांनाही इथल्या वादकांची ही उणीव कळते; म्हणून तर त्यांनी मुलांसाठी संगीत अकादमी काढली. पण एका अकादमीनं शहराची भूक कशी भागणार? पालिकेच्या शाळांत व्हायोलिन शिकवा. नाहीतर पुढच्या पिढीतही तिकिटं आपण काढू आणि वाजवायला पाहुणे येतील.