बंद पडलेलीं वैद्यक-नियतकालिकें

घरांतील जुन्या वह्या रद्दीवाल्यापुढें टाकतांना जाणती गृहिणी क्षणभर थबकते. एखाद्या वहींत आजीच्या काढ्याचें प्रमाण असावयाचें, दुसरींत कोणत्या औषधानें मुलाच्या अंगावर पुरळ उठलें होतें त्याची नोंद असावयाची. लिहिणारें माणूस गेलें म्हणून नोंद निरुपयोगी झाली, असें ती मानीत नाहीं. वैद्यकशास्त्राच्या बंद पडलेल्या नियतकालिकांविषयीं मात्र हें तारतम्य भल्याभल्यांकडूनही सुटतें. वर्गणीदार घटले, संपादक निवर्तले, पैसा आटला, कीं नियतकालिक बंद पडतें. आणि त्याबरोबर त्यांतील ज्ञानही संपलें असा समज होऊन बसतो. हा समज किती महाग पडूं शकतो याचें उदाहरण पश्चिम आफ्रिकेनें दाखविलें आहे.

१९८२ सालीं पॅरिसच्या पास्तर संस्थेच्या ‘आनाल द व्हिरोलॉजी’ या नियतकालिकांत जर्मन संशोधकांचा एक लहानसा लेख प्रसिद्ध झाला. लायबेरियांतील लोकांचें रक्त तपासतां त्यांपैकीं कांहींच्या रक्तांत इबोला विषाणूविरुद्धचीं प्रतिद्रव्यें आढळलीं होतीं. तेव्हां लायबेरियाची गणना इबोलाच्या प्रदेशांत करावी आणि तेथील दवाखान्यांनीं सावध असावें, असा त्या लेखाचा इशारा होता. पुढें तें नियतकालिक त्या नांवानें निघेनासें झालें. लेख नष्ट झाला नव्हता. परंतु ज्यांच्यासाठीं इशारा होता त्यांच्या हातीं तो पोंचलाच नाहीं.

२०१४ सालीं गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया या तीन देशांत इबोलानें थैमान घातलें. २०१६ सालीं साथ ओसरली तोंपर्यंत अठ्ठावीस हजारांहून अधिक लोकांना तिनें ग्रासलें होतें व अकरा हजारांहून अधिक दगावले होते. एकट्या लायबेरियांत मृतांची संख्या ४,८०० च्या वर गेली. त्यांत रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका व डॉक्टरही होते. एप्रिल २०१५ मध्यें तेथील आरोग्यखात्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान आणि त्यांचे दोन सहकारी यांनीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या पत्रांत त्या जुन्या लेखाची कथा उघड केली. तो लेख उतरवून घेण्यास ४५ डॉलर पडत. आणि लायबेरियांतील डॉक्टरचा तो अर्ध्या आठवड्याचा पगार होता! लेख वाचला गेला असता तर साथ आलीच नसती, असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. परंतु पहिला रुग्ण दारांत येतांच त्या रोगाचें नांव एखाद्या डॉक्टरच्या मनांत आलें असतें, हें तरी खरें. अशा रोगांत पहिले कांहीं दिवसच मोलाचे असतात.

आतां दुसरी बाजू पाहावी. कलकत्त्यास १८६६ सालीं निघालेलें ‘इंडियन मेडिकल गॅझेट’ १९५५ सालीं बंद झालें. याच नियतकालिकांत १९२२ सालीं डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनीं काळाआजारांतून उठलेल्या रोग्यांच्या त्वचेवर पुढें दिसणाऱ्या एका विकाराचें वर्णन केलें. काळाआजाराच्या निर्मूलनांत आजही असे रोगी हुडकावे लागतात. कारण त्यांच्या त्वचेंत रोगाचे परोपजीवी टिकून राहतात आणि वाळूमाशीच्या दंशानें ते दुसऱ्यापर्यंत जाऊं शकतात. हें गॅझेट आज अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयानें २००० सालीं सुरू केलेल्या ‘पबमेड सेंट्रल’ या विद्युत्-संग्रहांत पानोपानीं उपलब्ध आहे. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला तें घरबसल्या विनामूल्य वाचतां येतें. नियतकालिक मेलें, पण त्याची वाचा गेली नाहीं.

छापील अंकांना एक मोठा आधार असे. एकाच अंकाच्या प्रती शेकडों ग्रंथालयांत असत. एका ठिकाणीं वाळवी लागली तरी दुसरीकडे प्रत मिळे. केवळ संगणकावर निघणाऱ्या नियतकालिकाला हा आधार नाहीं. त्याची मूळ प्रत बहुधा एकाच यंत्रांत असते, आणि त्या जागेचें भाडें थकलें कीं सर्व अंक एका रात्रींत दिसेनासे होतात. २००० ते २०१९ या काळांत सर्वांस मोफत खुलीं असलेलीं १७४ विद्वत्तापूर्ण नियतकालिकें आंतरजालावरून अशींच नाहींशीं झाल्याचें संशोधकांना आढळलें.

यावर उपाय जुनाच आहे: एका प्रतीच्या अनेक प्रती करून त्या दूरदूर ठेवणें. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठानें ‘लॉक्स’ नांवाची योजना याच तत्त्वावर उभारली. निरनिराळ्या ग्रंथालयांतील यंत्रें आपापल्या प्रती परस्परांशीं ताडून पाहतात आणि एखादी बिघडली तर दुसरीवरून ती दुरुस्त करतात. यंत्राची अडचण अशी सुटते. मालकीची मात्र सुटत नाहीं. संस्था विसर्जित झाली, संपादक हयात नाहींत, मग प्रती करण्याची अनुज्ञा द्यावयाची कोणीं? म्हणून हा करार नियतकालिक जिवंत असतांनाच झाला पाहिजे. मृत्युपत्र माणूस शुद्धींत असतांना करतो, तसेंच हें आहे.

जुनें तें सर्वच सोनें, असा मात्र याचा अर्थ नव्हे. पूर्वींचे कित्येक उपचार आज घातक ठरले आहेत. म्हणून प्रत्येक लेखाबरोबर त्याचें साल टिकलें पाहिजे, आणि लेख मागें घेतला गेला असेल तर तशी खूणही त्यावर असली पाहिजे.

वैद्यक महाविद्यालयांतील जुनीं कपाटें रिकामीं करण्याची पाळी आज ना उद्यां येतेच. अशा वेळीं रद्दीचा कांटा मागविण्यापूर्वीं, कोणते अंक दुसरीकडे कोठेंच नाहींत याची यादी ग्रंथपालानें करावी आणि तेवढे तरी वेगळे काढून त्यांचीं छायाचित्रें घ्यावींत. खर्च थोडा आहे, काम कंटाळवाणें आहे, आणि त्याबद्दल कोणी शाल-श्रीफळ देणार नाहीं. परंतु लायबेरियाच्या दवाखान्यांत जो कागद वेळेवर पोंचला नाहीं, तसा एखादा कागद त्या कपाटांत नसेलच, हें आज कोणी सांगावें?