परिषदेला जाणारे शिक्षक आणि वाडीतली मुले
(कणकवली येथे सहाय्यकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या हिशेबाच्या वहीत एक लहानशी नोंद असते : शिक्षकांचा प्रवासखर्च. रक्कम मोठी नसते, पण सर्वांत जास्त प्रश्न तिच्यावरच येतात. कातकरी मुलांसाठी दिलेले दान शिक्षकांच्या परिषदेवर कशाला? एका आजोबांनी मला हे आपल्या मालवणीत नेमके विचारले, "गुरुजी परिषदेक गेले, तर शाळा कोण बघतलो?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचेच उत्तर द्यायचे आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले आणि शिक्षकांच्या परिषदांत स्वयंसेवक म्हणूनही राबले. असे मेळावे आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत. केंद्राची शिक्षण परिषद तर नेहमीचीच, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत प्राथमिक शिक्षकांचे राज्य अधिवेशन वेंगुर्ल्याला भरले होते. मंडपात बसणाऱ्याला व्यासपीठ दिसते. त्यामागे नोंदणीच्या टेबलावर बसणारे, स्थानकावर पाहुण्यांना उतरवून घेणारे, पंगतीत भात वाढणारे आणि शेवटी सतरंज्या गोळा करणारे बहुतेक शिक्षकच असतात. या कामाचा पगार नाही. रविवार जातो, पदरचे पैसे जातात.

मग यातून वाडीतल्या मुलाला काय मिळते?

महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींत कातकरी येतात. दुसरे कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या लाकडापासून कात पाडणारे, म्हणून कातकरी. आपल्याकडच्या वाड्यांतले मूल पहिलीत येते ते स्वतःची बोली घेऊन. पुस्तकाची मराठी त्याला अर्धी कळते, अर्धी नाही, म्हणून ते गप्प बसते. त्या गप्प बसण्याला आपण "मंद" म्हणून मोकळे होतो. तेच मूल ओढ्यावर नेले तर कुठल्या दगडाखाली कुर्ली असेल, कुठल्या पाण्यात कुठला मासा मिळेल, हे आपल्याला शिकवते. पुढे कामासाठी कुटुंब बाहेरगावी जाते, हजेरीपटावर नाव उरते आणि मूल उरत नाही.

अशा मुलाला शिकवायचे कसे, हे डी.एड.च्या पुस्तकात फारसे नव्हते. ते ज्यांनी शोधले त्यांच्याकडूनच शिकावे लागते. आणि ती माणसे विखुरलेली आहेत : एक डहाणूला, एक कर्जतला, एक गडचिरोलीत. ती एकत्र येतात ती परिषदेत. त्यातही खरे बोलणे व्यासपीठावर कमी होते. जास्त होते ते चहाच्या किटलीपाशी आणि भांडी आवरताना. स्वयंसेवक तिथेच असतो, म्हणून त्याच्या कानावर जास्त पडते.

आपल्या राज्याच्या इतिहासात याचे मोठे उदाहरण आहे. अनुताई वाघ पुण्याला हुजूरपागेत शिक्षिका होत्या. १९४५ साली बोरिवलीला ग्रामसेवेच्या एका शिबिरात त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला गेल्या आणि उरलेले आयुष्य त्यांनी आदिवासी मुलांना दिले. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी. ते गुरे राखायला गेले, तर कुरणात न्यावी. शिंपले, बिया, पाने हेच तिथले शैक्षणिक साहित्य. आज गावोगावी अंगणवाडी आहे, तिची एक मुळी त्या टेकडीवर सापडते. प्रत्येक शिबिरातून अनुताई घडत नाहीत, हे मान्य. पण शिक्षक शिबिराला गेलाच नाही, तर अशी गाठ पडणार कुठे?

आता आजोबांच्या प्रश्नाची दुसरी बाजू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. त्यातला एक गेला, की दुसऱ्याच्या गळ्यात सगळे वर्ग पडतात. कातकरी मुलाचे शाळेशी जुळलेले नाते नाजूक असते. दोन दिवस कोणी नाव घेऊन हाक मारली नाही, तर तिसऱ्या दिवशी ते येईलच असे नाही. म्हणून प्रवासखर्च देताना तीन गोष्टी पाळल्या जाव्यात, असे मी सुचवते.

पहिली, जाणे शक्यतो सुटीच्या दिवशी. शाळेचा दिवस मोडणार असेल, तर मुलांपाशी कोण बसणार ते आधी ठरवावे. आपल्या मंडळीत कितीतरी निवृत्त शिक्षक आहेत. मुख्याध्यापकांना विचारून त्यांनी तो एक दिवस गोष्टींना, गाण्यांना द्यावा.

दुसरी, जाणाऱ्याने रिकाम्या हाताने जाऊ नये. वाडीतल्या मुलांनी काढलेली चित्रे, त्यांच्या बोलीतल्या शब्दांची वही, एखाद्या मुलाची चार ओळींची हकिकत बरोबर न्यावी. नोंदणीच्या टेबलाशेजारी ती मांडली, तरी येणारा जाणारा थांबतो, विचारतो. ज्या मंडपात कातकरी मूल कधी येणार नाही, तिथे त्याचे म्हणणे एवढ्याने तरी पोहोचते.

तिसरी, परतल्यावर जे मिळाले ते आपल्या केंद्रात सांगावे, आणि वाडीत आईबापांनाही सांगावे. तसे झाले नाही, तर आपले दान तिकिटातच संपले.

अजून एक बोलायचे आहे, आणि ते बायकांच्या वतीने. परिषद म्हटली की शिक्षिकांच्या वाट्याला रांगोळी, स्वागतगीत आणि पंगत येते. या कामात कमीपणा नाही. १९४८ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी उभी केली त्या कणकवलीत तर हाताच्या कामाला कोणी हलके म्हणू नये. पण मग वाढपाची पाळी गुरुजींनीही घ्यावी, आणि वाडीत रोज जाणाऱ्या बाईंना दहा मिनिटे माईक मिळावा. मुलाबद्दल सर्वांत जास्त तिला माहीत असते.

तुमच्याकडून मी फार मागत नाही. एका शिक्षकाचे एस.टी.चे किंवा रेल्वेचे भाडे. बाहेरगावच्या शिक्षकाला रात्रीपुरती तुमच्या घरी पडवी आणि पेजेचे दोन घास. आणि निवृत्त आहात त्यांचा एक दिवस. शिक्षक आपला वेळ फुकट देतोच आहे. तो देताना वाडीतल्या मुलाचा दिवस बुडू नये, एवढी काळजी आपण वाहू शकतो.