मोटारीचा पोचा आणि विम्याचा दावा

अपघात म्हटला म्हणजे मोडलेलीं चाकें, पोलिसांचा पंचनामा आणि रुग्णालयाची वाट असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु रस्त्यावरील पुष्कळ प्रसंग इतके भयंकर नसतात. बंपरला चीर पडते, मडगार्डला पोचा येतो, दिवा फुटतो. कोणाच्या अंगाला खरचटलेलेंहि नसतें. भीति ओसरून गृहस्थ घरीं येतो आणि मग खरा प्रश्न उभा राहतो: मोटारीचा विमा उतरला आहे, तेव्हां नुकसानभरपाईचा दावा करावा कीं स्वतःच्या खिशांतून दुरुस्ती करून मोकळें व्हावें? या प्रश्नाचें उत्तर बहुतेक घरांत रागाच्या किंवा हट्टाच्या भरांत दिलें जातें. वस्तुतः हा सारा हिशेबाचा मामला आहे, निदान त्याचा मोठा भाग तरी हिशेबाचा आहे.

जालना जिल्ह्यांत, जाफ्राबाद तालुक्यांत, टेंभुर्णी नांवाचें गांव आहे. (सोलापूर जिल्ह्यांतील त्याच नांवाचें गांव पुण्याच्या हमरस्त्यामुळें अधिक लोकांस ठाऊक आहे, तें हें नव्हे.) या टेंभुर्णीच्या एखाद्या व्यापारी गृहस्थाचें उदाहरण श्रोत्यांनीं कल्पनेनें डोळ्यांसमोर आणावें. कापसाचा हंगाम आहे, तिन्हीसांजेची वेळ आहे. समोरून कापसानें फुगलेली ट्रॅक्टरची ट्रॉली येत आहे. तिला ना दिवा ना चमकणारी तांबडी पट्टी. गृहस्थानें मोटार कडेला घेतली, तरीहि ट्रॉलीचा कोपरा घासलाच. दोन्ही वाहनें सावकाश होतीं म्हणून माणसें सुखरूप राहिलीं. मोटारीचा पुढचा डावा कोपरा मात्र बसला.

घरीं चिरंजीव म्हणतात, "बाबा, इतकीं वर्षें हप्ते भरले ते कशासाठीं?" गृहिणींचेंहि मत तेंच पडतें. या म्हणण्यांत एक चूक आहे. विमा म्हणजे टपालखात्यांतील बचतीचें पुस्तक नव्हे, कीं भरलेले पैसे कधींतरी काढून घ्यावे. घर बुडेल एवढें मोठें संकट अनेकांनीं मिळून वाटून घ्यावयाचें, यासाठीं तो हप्ता असतो. बारीकसारीक खर्च त्यांतून भागवूं गेल्यास तो कसा अंगावर येतो, हें पुढील आंकड्यांवरून ध्यानांत येईल.

मोटारीच्या विम्याचे मुख्य भाग दोन. पहिला परक्याच्या नुकसानीचा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें ब्रिटिश हिंदुस्थानांत तो १ जुलै १९४६ पासून सक्तीचा झाला (टेंभुर्णी त्या काळीं निजामाच्या राज्यांत होती), आणि आजच्या १९८८ च्या कायद्यानेंहि तो सक्तीचाच आहे. दुसरा भाग स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे. दावा न करणाऱ्यास मिळणारी सूट, जिला सर्वत्र नो क्लेम बोनस म्हणतात, ती केवळ या दुसऱ्या भागाच्या हप्त्यांत मिळते. एक वर्ष दाव्याविना गेलें कीं शेंकडा २०, दोन वर्षांनीं २५, तीन वर्षांनीं ३५, चारांनीं ४५ आणि पांचांनीं ५०. त्यापुढें ती चढत नाहीं. अशी ही शिडी पायरीपायरीनें चढावी लागते, पण एकच दावा केला कीं मनुष्य एकदम तळाशीं येतो. चूक ट्रॉलीवाल्याची होती, हें सांगून कांहीं उपयोग नाहीं. शिडी चूक कोणाची हें विचारीत नाहीं. दावा झाला कीं नाहीं, एवढेंच पाहते.

आतां आपल्या गृहस्थाचा हिशेब मांडूं. त्याची मोटार लहान इंजिनाची, चौथ्या वर्षांतली. सूट ३५ पर्यंत आली आहे. सूट वजा करण्यापूर्वीं ऐच्छिक भागाचा हप्ता सोयीसाठीं १०,००० रुपये धरूं. यंदा दावा केला नाहीं, तर पुढील वर्षीं सूट ४५ आणि त्यानंतर दरवर्षीं ५०. दावा केला, तर पुढील वर्षीं शून्य, मग २०, २५, ३५, ४५ आणि शेवटीं ५०. दोहोंतील फरक पहिल्या वर्षीं ४,५०० रुपये, मग ३,०००, २,५००, १,५०० आणि ५००. एकूण १२,००० रुपये! मोटारीची किंमत दरसाल उतरते व तिच्याबरोबर हप्ताहि उतरतो, म्हणून प्रत्यक्ष आंकडा थोडा कमी भरेल. परंतु दिशा बदलत नाहीं.

आतां दुसरें पारडें. नवा बंपर ६,०००, दिवा ४,०००, पत्र्याचा भाग ४,०००, रंगकाम ४,००० आणि मजुरी २,००० मिळून दुरुस्तीचें बिल २०,००० झालें असें समजूं. कंपनी हे सारे पैसे देत नाहीं. प्लॅस्टिक व रबर यांच्या भागांवर ती निम्मा घसारा कापते. म्हणजे बंपर व दिवा यांचे ५,००० गेले. चौथ्या वर्षांतील मोटारीच्या पत्र्यावर शेंकडा २५ घसारा. आणखी १,००० गेले. रंगकामाच्या रकमेचा चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरून त्याचा निम्मा कापतात, ते ५००. शिवाय पंधराशें सी.सी. पर्यंतच्या खासगी मोटारीच्या प्रत्येक दाव्यांत मालकाचा १,००० रुपयांचा सक्तीचा वांटा असतो. हातीं राहिले १२,५००. त्यांतून सुटीचे १२,००० वजा जातां सगळ्या खटाटोपाचा लाभ अवघा ५०० रुपये! जालन्याच्या वर्कशॉपला घातलेल्या खेपा आणि भर हंगामांत मोटारीविना गेलेले दिवस यांचा हिशेब तर अद्याप धरलाच नाहीं. गांवच्या मिस्त्रीनें तोच पत्रा ठोकून सरळ केला, जुना बंपर सांधून बसविला आणि बिल निम्म्यावर आणलें, तर दावा करणें उघड तोट्याचें ठरतें.

मात्र पॉलिसींत घसारा न कापण्याची जोडकलमें घेतलेली असतील, तर त्याच बिलापैकीं सुमारें १९,००० हातीं येतील आणि पारडें दाव्याकडे झुकेल. ज्याची सूट अद्याप मुळींच साठलेली नाहीं, त्याचें गमावण्यासारखें थोडें असतें. त्यानेंहि दावा करण्यास फारसें कचरूं नये. म्हणून आधीं पॉलिसीचा कागद कपाटांतून काढून वाचावा. पुष्कळ घरांत तो पाकिटांतून बाहेरहि आलेला नसतो!

निर्णय कोणताहि होवो, तो मोटार मिस्त्रीकडे देण्यापूर्वीं व्हावा. कंपनीच्या पाहणीपूर्वीं दुरुस्ती केली, तर दाव्याची वाट बहुधा बंदच होते. पोचा तसाच ठेवून पुढच्या अपघाताबरोबर दोन्हींचा एकच दावा करूं, असा बेत कोणी करतात; तोहि लटका आहे. पाहणीदाराला जुना गंज आणि नवा ओरखडा यांतील भेद कळतो, आणि दोन अपघात म्हणजे दोन दावे.

येथपर्यंत हिशेब झाला. परंतु ट्रॉलीच्या जागीं दुचाकीवरून जाणारा शेतमजूर असता आणि त्याच्या पायाला मार लागला असता, तर हा सारा हिशेब गुंडाळून ठेवावयास हवा होता. जखमीला उपचार मिळवून देणें, पोलिसांना व विमा कंपनीला कळविणें हें चालकाचें कायद्यानें ठरविलेलें कर्तव्य आहे. गांवांत अशा वेळीं चहाच्या दुकानापुढें बैठक बसते, पांच-दहा हजार रुपये हातावर ठेवले जातात आणि एका कागदावर अंगठा घेतला जातो. यासारखी दुष्ट काटकसर दुसरी नाहीं. आज मुका मार वाटणारी दुखापत महिन्यानें अपंगत्व ठरली, तर त्या मजुराचें कुटुंब उघड्यावर येतें. शिवाय कंपनीच्या लेखी संमतीवांचून दोष कबूल करूं नये किंवा पैसे देऊं नयेत अशी पॉलिसीची अट असते, तेव्हां मालकहि अडचणींत सांपडतो. परक्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला तो याच माणसासाठीं.

आणखी एक मोह टाळावयास हवा. मोटार पुतण्या चालवीत होता व त्याच्या परवान्याची मुदत संपली होती, तर "काकांचें नांव घाला" असा सल्ला देणारे शेजारी हटकून भेटतात. खोट्या निवेदनानें दावा तर बुडतोच, वर फसवणुकीचा ठपका येतो. वीस हजारांच्या बंपरासाठीं काकांनीं तो कां घ्यावा?

टेंभुर्णीच्या गृहस्थापुढें एक गोष्ट अद्याप उरते. चिरंजीवांना पुढल्या वर्षीं नवी, मोठी मोटार घ्यावयाची आहे. साठलेली सूट मोटारीची नसून मालकाची असते. जुनी मोटार विकली तरी ती नव्या मोटारीला लावतां येते, आणि नव्या मोटारीचा हप्ता मोठा म्हणून सुटीची किंमतहि मोठी. तेव्हां आज दावा न करण्याचा लाभ वर मांडलेल्या १२,००० रुपयांहून अधिक होईल. अर्थात् ती मोटार वडिलांच्या नांवावर घेतली तर. चिरंजीवांनीं स्वतःच्या नांवावर घेतली, तर त्यांना शिडीच्या तळापासूनच आरंभ करावा लागेल.