‘आपला माणूस’ आणि बेलेकेरीचा धडा

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



निवडणूक जवळ आली की आपल्या बैठकांत एक वाक्य हमखास ऐकू येते, “काही असो, तो आपला माणूस आहे.” आज आम्ही या वाक्याबद्दलच चार शब्द बोलणार आहोत. उदाहरण घेतो कारवारचे. महाराष्ट्राने ज्या सीमाभागावर हक्क सांगितला, त्यातलाच तो तालुका. म्हणजे आपल्याला परका नाही.

मार्च २०१० मध्ये अंकोल्याजवळच्या बेलेकेरी बंदरावर वनखात्याने लोहखनिजाचे प्रचंड साठे जप्त केले. बळ्ळारी भागातून बेकायदा आणलेला माल, असा ठपका होता. जप्त माल जागेवर राहायला हवा होता. पण लाखो टन खनिज जहाजांत भरून परदेशी गेले! उलट, जप्ती करणाऱ्या वनाधिकाऱ्याच्याच निलंबनाच्या हालचाली झाल्या. त्यावर जून २०१० मध्ये लोकायुक्त न्या. संतोष हेगडे यांनी राजीनामा दिला. तो पुढे त्यांनी मागे घेतला. बेकायदा खाणकामावरील त्यांच्या जुलै २०११ च्या अहवालानंतर मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना पद सोडावे लागले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेलेकेरीचा तपास सीबीआयकडे सोपवला.

या तपासात खनिज निर्यातीच्या धंद्यातले सतीश सैल यांचे नाव होते. मे २०१३ मध्ये ते कारवारमधून अपक्ष म्हणून निवडून आले आणि सप्टेंबरमध्ये सीबीआयने त्यांना अटक केली. २०१८ मध्ये ते हरले. २०२३ मध्ये काँग्रेसतर्फे पुन्हा आमदार झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंगळुरूच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये ईडीने त्यांना अटक केली, तेव्हाही ते आमदारच होते. खालच्या न्यायालयाचा निकाल हा शेवटचा शब्द नव्हे, हेही आम्ही येथे स्पष्ट सांगतो.

पण हिशेब करा. जप्ती २०१० ची, निकाल २०२४ चा. मध्ये चौदा वर्षे आणि विधानसभेच्या तीन निवडणुका! १० जुलै २०१३ च्या लिली थॉमस निकालाने दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेल्या आमदाराची जागा तत्काळ जाते. केवळ अपील केले म्हणून ती टिकत नाही. पण हा नियम शिक्षेनंतरचा. तपास चालू असताना, आरोपपत्र दाखल असताना, उमेदवाराला कायदा अडवत नाही. त्या चौदा वर्षांत निर्णय मतदारालाच करावा लागतो.

कोणी म्हणेल, गुन्हे तर आपल्या कार्यकर्त्यांवरही आहेत. खरे आहे. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत चालले म्हणून सीमाभागात कितीतरी जणांवर गुन्हे दाखल झाले. त्यांची आम्हाला लाज वाटत नाही. म्हणूनच नुसता ‘गुन्हा दाखल’ हा शब्द पुरेसा नाही. गुन्हा कशाचा, हे पाहिले पाहिजे. लोकांच्या मागणीसाठी बंदी मोडणे वेगळे आणि सरकारी जप्तीतला माल विकल्याचा आरोप वेगळा. दोन्ही एका तराजूत घालणारा माणूस आपल्या आंदोलकांचाच अपमान करतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक उमेदवाराला प्रलंबित खटले प्रतिज्ञापत्रात लिहावेच लागतात. असा उमेदवार का निवडला, याची कारणे पक्षाने जाहीर करावीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. मंडळाच्या व्यासपीठावर कोणाला बोलावण्याआधी ते प्रतिज्ञापत्र दोघांनी वाचावे आणि सभेत त्याला उघड प्रश्न विचारावा. उत्तर पटले तर हार घालावा; नाही पटले तर नमस्कार करून निरोप द्यावा.

आपली भाषा टिकवण्यासाठी आपण न्यायालयांची पायरी चढलो. न्याय मागणाऱ्यांनी आपल्या माणसाला प्रश्न विचारायला कचरू नये. तो खरेच आपला असेल, तर रागावणार नाही.

जय महाराष्ट्र!