आधी वार्धक्याची तरतूद, मग वारसांची वाटणी

(भंडारा येथे ज्येष्ठ नागरिकांपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी वकील नाही, लेखापालही नाही. कलाशाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो आहे, ते घरच्या अनुभवामुळे.

माझे वडील निवृत्त शिक्षक होते. स्वभावाने अत्यंत टापटिपीचे. मृत्युपत्र त्यांनी वेळेवर करून ठेवले होते, त्यामुळे आम्ही भावंडे निश्चिंत होतो. पुढे त्यांना पक्षाघात झाला. वाचा गेली, भान हरपले आणि चार वर्षे ते अंथरुणाला खिळून राहिले. बँकेचे खाते आणि मुदतठेवी त्यांच्या एकट्याच्या नावावर होत्या. मृत्युपत्र कपाटात होते. परंतु मृत्युपत्र मृत्यूनंतरच बोलते. दिवसरात्रीच्या सेवकाचा पगार, औषधे, व्यायामोपचार हा खर्च दरमहा उभा राही आणि वडिलांचाच पैसा वडिलांच्या सेवेसाठी हाती येत नसे. आईने हातातल्या पाटल्या मोडल्या. तेव्हा उमगले की, आपण मृत्यूची तयारी करतो, पण मृत्यूपूर्वीच्या परावलंबी वर्षांची करीत नाही.

पुष्कळांना वाटते, मुलाला कुलमुखत्यारपत्र करून दिले की झाले. वस्तुतः करून देणाऱ्याची बुद्धी शाबूत नाहीशी झाली की ते मुखत्यारपत्रही संपुष्टात येते. म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज, त्याच दिवशी ते निरुपयोगी. म्हणून खाती व ठेवी पती-पत्नीच्या संयुक्त नावे असाव्यात आणि दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो व्यवहार करील, अशी सूचना बँकेत लेखी द्यावी.

दुसरी चूक याच्या उलट आहे. हयातीतच सारे देऊन टाकण्याची. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर किंवा शेतजमीन पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीस देण्यासाठी मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये झाले. सोय चांगलीच झाली. पण मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येते, बक्षीसपत्र मात्र सहसा परत घेता येत नाही, हा भेद लक्षात घेतला जात नाही. आपला जिल्हा मालगुजारी तलावांचा. तलावाचे पाणी शेताला पाटाने देतात. त्यासाठी कोणी पाळ फोडीत नाही. गोसीखुर्द प्रकल्पात ज्यांची शेती गेली आणि मोबदला हाती आला, त्यांनी तर हे विशेष ध्यानी घ्यावे. शेत विकायला सही-साक्षी लागतात, रोख रक्कम बोलता बोलता संपते.

तरीही द्यायचेच असेल, तर आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर देत आहोत, हे दस्तातच लिहावे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ सांगते की, अशा अटीचा भंग झाल्यास हस्तांतरण रद्द करून घेता येते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करावयाचा. भंडारा, तुमसर आणि साकोली येथे ही कार्यालये आहेत. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका मातेने मुलाला दिलेले बक्षीसपत्र याच कायद्याने रद्द ठरविले. मुलाने सांभाळाचे वचन लिहून दिले होते, ते तिच्या कामी आले. पोटच्या मुलाकडून लिहून घ्यायचे, हे मनाला रुचत नाही, हे मी जाणतो. परंतु लिहिलेला शब्द चांगल्या मुलाला अडचणीचा होत नाही.

आता वारसांविषयी. ‘कालनिर्णय’ दिनदर्शिका आपल्या प्रत्येकाच्या भिंतीवर असते. तिचे संस्थापक ज्योतिर्भास्कर जयंतराव साळगावकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. ठेवी आणि म्युच्युअल फंडांतील नामनिर्देशनावरून कुटुंबात मतभेद झाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला: नामनिर्देशित व्यक्ती केवळ नामनिर्देशनामुळे मालक होत नाही, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्रानेच ठरते. एवढ्या जाणत्या घरात जे घडले, ते आपल्या घरी घडणार नाही असे समजू नये. फॉर्मवरील नाव आणि मृत्युपत्रातील नाव एकदा ताडून पाहावे.

मृत्युपत्र साध्या कागदावर होते. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र अनिवार्य. साक्षीदार लाभार्थी नसावेत, वयाने तरुण असावेत. मृत्युपत्रच नसेल तर हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे आणि मुली यांच्याबरोबर त्याची आई हयात असल्यास तिलाही समान वाटा मिळतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निःसंदिग्ध केला. राखी आणि भाऊबीज यांच्या मोलाने बहिणीकडून हक्कसोडपत्र घेण्याची रीत आता आपणच थांबवावी.

ज्या घरी दिव्यांग अपत्य आहे, त्यांनी १८८२ च्या न्यास कायद्यानुसार खासगी न्यासाचा विचार करावा. विश्वस्त नेमावेत, खर्च कशावर करायचा ते लिहावे. निर्मात्याचे भान गेले, तरी न्यासाचे काम चालू राहते. याखेरीज १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढ अपत्यासाठी स्थानिक समितीमार्फत पालक नेमता येतो.

शेवटचा मुद्दा शुश्रूषेच्या खर्चाचा. ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान योजनेत २०२४ पासून ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळाले आहे. पण ते रुग्णालयातील उपचारांसाठी. घरी ठेवलेल्या सेवकाचा पगार त्यातून मिळत नाही. त्यासाठी वेगळी ठेव हवी आणि वाटणीच्या वेळी तिला हात लावायचा नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि दर तिमाहीस व्याज हाती येते.

आपल्या पूर्वजांनी वानप्रस्थ सांगितला. त्यात घराचा कारभार पुढच्या पिढीकडे सोपवणे आहे, स्वतःला निराधार करणे नाही. आज घरी गेल्यावर एक वही घ्या. खाती, ठेवी, सातबारा, विमा, घेतलेले आणि दिलेले कर्ज, सारे लिहा, आणि ती वही कुठे आहे ते पत्नीला सांगा. माझ्या वडिलांनी आईला तेवढे सांगितले असते, तर तिच्या पाटल्या आज तिच्या हातात असत्या.