भाऊबीजेचा डबा

(साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे एक पत्र्याचा डबा घेऊन आलो आहोत. डबा साधाच आहे. त्यावर दोन शब्द लिहिले आहेत. तुम्ही आता वाचायला शिकलात. वाचा बरं. 'स्तनाचा कर्करोग.' हे दोन शब्द लिहायला आमच्या घराला तीन पिढ्या लागल्या. त्या कशा, तेच आज सांगतो.

आमची आजी 1968 साली गेली. तिच्या छातीत गाठ होती. गाठ दुखत नव्हती, म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही. लाजही वाटली असेल. गाठ फुटली, तेव्हा घरात कळलं. कोणी म्हणालं करणी, कोणी म्हणालं प्रारब्ध. वीस-एकवीस वर्षांनी आमच्या आईलाही तेच झालं. तिला दवाखान्यात नेलं, पण फार उशीर झाला होता. 1989 साली आई गेली. कोणी विचारलं, तर आम्ही सांगत असू, "पोटाचं दुखणं होतं." ते खोटं होतं.

मग 2011 साल आलं. आंघोळ करताना थोरल्या ताईच्या हाताला गाठ लागली. वाटाण्याएवढी. ताई दोन दिवस गप्प बसली. तिसऱ्या दिवशी आम्हां भावंडांना एकत्र बसवून तिने सांगितलं. आम्ही तिला मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात नेलं. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली. तीच ताई आज पहिल्या रांगेत बसली आहे. बघा तिच्याकडे!

ते रुग्णालय कसं उभं राहिलं, ठाऊक आहे? सर दोराबजी टाटा यांची पत्नी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. असं रुग्णालय आपल्या देशात व्हावं, असं दोराबजींच्या मनात आलं. ते स्वतः 1932 साली वारले. पण त्यांच्या मागच्यांनी काम सोडलं नाही. 28 फेब्रुवारी 1941 रोजी रुग्णालय उघडलं. एका घरावर दुःख कोसळलं, त्यातून हजारो घरांना आधार मिळाला. टाटा मोठे. आपण लहान. पण आपल्या ऐपतीप्रमाणे आपणही करावं, असं आम्हांला वाटलं.

तिथल्या ओसरीत आम्ही एक बाई पाहिली. उपचार अर्धा टाकून ती गावी निघाली होती. नवऱ्याचा रोज बुडत होता. जवळचे पैसे संपले होते. आज औषधोपचाराला सरकारी योजनेचा आधार मिळतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळाही रुग्णांना आसरा देते. पण येण्याजाण्याचं भाडं, दोन वेळचं जेवण, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, याला पैसा लागतोच.

पुण्याच्या महर्षी कर्व्यांच्या संस्थेसाठी भाऊबीज निधी गोळा होतो, हे तुम्ही ऐकलं असेल. त्या दिवाळीला आम्ही बहिणींनी भावांना म्हटलं, "यंदा ओवाळणी ताटात नको, या डब्यात घाला." तेव्हापासून दर भाऊबिजेला डबा भरतो. आता शेजारचेही घालतात. त्या पैशातून तालुक्यातल्या बायकांना मुंबईच्या वाटेचा खर्च देतो.

पण डब्यावर नाव काय लिहायचं, यावरून घरात भांडण झालं. आमचा भाऊ म्हणाला, "रोगाचं नाव लिहू नका. घराण्याचा रोग म्हटल्यावर माझ्या मुलीला स्थळ कोण देईल?" त्याचं भय खोटं नव्हतं. म्हणून डबा बरीच वर्षं कोराच राहिला.

पुढे डॉक्टरांनी ताईच्या रक्ताची तपासणी केली. प्रत्येकाच्या शरीरात आईबापांकडून आलेली जनुकं असतात. त्यांतली काही जनुकं शरीरातली मोडतोड दुरुस्त करतात. ही दुरुस्ती करणारी जनुकंच बिघडली, की कर्करोगाचा धोका वाढतो. 1866 साली फ्रान्समधल्या ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी आपल्या पत्नीच्या घराण्यात हा रोग पिढ्यान् पिढ्या कसा चालत आला, ते लिहून ठेवलं. अमेरिकेतल्या मेरी-क्लेअर किंग या विदुषीने 1990 साली अशा एका जनुकाची जागा दाखवून दिली. ताईत तसाच दोष निघाला. भावातही निघाला. हो, पुरुषातही! हा दोष बापाकडूनही मुलांना येतो. येण्याची आणि न येण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते.

भाऊ रात्रभर झोपला नाही. सकाळी त्याच्या बावीस वर्षांच्या लेकीने रंग नि कुंचला आणला. ती म्हणाली, "बाबा, नाव लपवलं म्हणून पणजी वाचली का? आजी वाचली का? आत्याने सांगितलं, म्हणून आत्या आहे." आणि हे दोन शब्द तिने लिहिले. भावाने डबा धरला होता. पोरीची तपासणी व्हायची आहे. कधी करायची, ते तीच ठरवणार आहे.

बायांनो, घाबरू नका. शंभर रुग्णांत साधारण पाच ते दहा जणींचाच रोग घराण्यातून आलेला असतो. पण म्हणून बाकीच्यांनी निर्धास्तही राहू नये. हा रोग शिवल्याने होत नाही. गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त आलं, तर दुखण्याची वाट पाहू नका. मुंबईत 1998 साली टाटा रुग्णालयाने दीड लाखावर बायकांची पाहणी सुरू केली. त्यांतल्या निम्म्या बायकांची छाती शिकवून तयार केलेल्या सेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. वीस वर्षांनी हिशेब केला. पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झालेले दिसले. यंत्र नव्हतं. शिकलेला हात होता.

डबा दाराशी ठेवला आहे. ज्यांना जमेल त्यांनी त्यात काही घाला. आणि इथल्या एखाद्या बहिणीला गाठ लागली असेल, तर तिने आजच घरी सांगावं. घरी सांगवत नसेल, तर आम्हांला सांगावं. सोबत यायला आम्ही आहोत.